दारू उतरल्यावरच डोकं का ठणकतं?

श्रावण लागण्याआधीची गटारी, थर्टी फर्स्टची रात्र, मित्राच्या लग्नाचा आदला दिवस. निमित्त कुठलंही असो, दुसऱ्या दिवशीची सकाळ ओळखीची असते. डोकं ठणकतंय, तोंडाला कोरड पडलीय, पोटात मळमळतंय, हातांना बारीक कंप आहे, खिडकीतला उजेड आणि कुकरच्या शिट्ट्या नकोशा झाल्यात. नेमक्या याच वेळी रक्त तपासलं तर त्यात अल्कोहोल जवळपास शून्य सापडतं. रक्तातलं अल्कोहोल उतरत शून्याला टेकतं तेव्हा हँगओव्हर सर्वांत जोरात असतो, आणि तिथून पुढे तो चोवीस तासांपर्यंत टिकू शकतो.

दारू गेली आणि दुखणं आलं, हे कोडं नीट सोडवलं की बाकीचं बरंच उलगडतं. लिंबूपाण्याने बरं वाटतं पण हँगओव्हर जात नाही, काळ्या कॉफीने नशा उतरत नाही, आणि सकाळी ‘उतारा’ म्हणून घेतलेल्या घोटाने तासभर आराम पडतो, या सगळ्याची उत्तरं त्यात आहेत. त्यासाठी दारूचा शरीरातला प्रवास पाहू, आणि सुरुवात मोजमापापासून करू.

आधी ग्रॅम मोजा

शरीराला पेग कळत नाहीत, ग्रॅम कळतात. आपल्याकडच्या व्हिस्की, रम, व्होडकाच्या बाटलीवर बहुधा ४२.८ टक्के हा आकडा असतो. हा टक्का आकारमानाचा आहे. म्हणजे ६० मिलिलिटरच्या मोठ्या पेगमध्ये साधारण २५.७ मिलिलिटर शुद्ध अल्कोहोल. ते पाण्यापेक्षा हलकं असतं, त्याची घनता ०.७९, म्हणून वजन झालं २० ग्रॅम. क्वार्टर, म्हणजे १८० मिलिलिटर, ६१ ग्रॅम. बिअरची ६५० मिलिलिटरची बाटली ५ टक्क्यांची असेल तर २६ ग्रॅम, आणि ८ टक्क्यांची स्ट्राँग असेल तर ४१ ग्रॅम. ‘मी फक्त बिअरच घेतो’ असं म्हणणाऱ्याने हा शेवटचा आकडा पुन्हा वाचावा: स्ट्राँगच्या दोन बाटल्या म्हणजे चार मोठे पेग.

हे ग्रॅम रक्तात किती चढतील याचा ढोबळ हिशेब स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १९३० च्या दशकात मांडला आणि तो आजही वापरात आहे. अल्कोहोल चरबीत फारसं जात नाही, अंगातल्या पाण्यात पसरतं. म्हणून वजनाला एका गुणकाने गुणायचं: पुरुषांसाठी साधारण ०.६८, स्त्रियांसाठी ०.५५. प्यायलेले ग्रॅम त्या गुणाकाराने भागायचे.

सत्तर किलोच्या माणसाने रात्री नऊला सुरुवात करून चार मोठे पेग घेतले असं धरू. एकूण ८१ ग्रॅम. सत्तर गुणिले ०.६८ म्हणजे ४७.६. भागाकार आला १.७, म्हणजे लिटरभर रक्तात १.७ ग्रॅम, म्हणजेच १०० मिलिलिटर रक्तात सुमारे १७० मिलिग्रॅम. हे उतरतं ताशी साधारण १५ मिलिग्रॅमच्या वेगाने. कुणाचं १०, कुणाचं २०. तर शून्यावर यायला सव्वाअकरा तास लागतात, म्हणजे सकाळचे सव्वाआठ. मोटार वाहन कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. हा माणूस त्या रेषेखाली येतो पहाटे सव्वासहाच्या पुढे, आणि तेही त्याचं यकृत सरासरी वेगाचं असेल तर. झोप झाली, आंघोळ झाली, म्हणून पाच वाजता गाडी काढून मुंबई-पुणे रस्त्याला लागलेला माणूस कायद्याच्या आणि अपघाताच्या दृष्टीने प्यायलेलाच असतो.

पंचावन्न किलोच्या बाईने दोनच मोठे पेग घेतले तरी तिच्या रक्तात १३० च्या वर जातं. कारण तिच्या अंगात पाण्याचं प्रमाण कमी असतं. तितकीच दारू कमी पाण्यात पसरते. यात सवयीचा किंवा ‘झेपण्याचा’ काही संबंध नाही.

टोलनाका आणि हातगाड्या

बहुतेक औषधं रक्तात जास्त असली की शरीर त्यांचा निचराही जास्त वेगाने करतं. अल्कोहोलचं तसं नाही. त्याला बाहेर काढणारा टोलनाका एकच, यकृताचा, आणि तिथल्या खिडक्या थोड्याशा दारूनेच भरून जातात. मागे दहा गाड्यांची रांग असो की शंभरची, तासाला सुटणाऱ्या गाड्या तेवढ्याच. सर्वसाधारण माणसाचं यकृत तासाला ७ ते १० ग्रॅम अल्कोहोल सोडवतं. मोठा पेग सोडवायला त्याला दोन ते तीन तास लागतात, आणि पार्टीत पुढचा पेग अर्ध्या तासात येतो. घाम, श्वास आणि लघवी मिळून बाहेर जाणारा वाटा २ ते १० टक्के. म्हणून वाफ घेऊन, पळून किंवा गार पाणी डोक्यावर ओतून दारू ‘बाहेर काढता’ येत नाही. कॉफीने झोप उडते. रांगेतली एकही गाडी त्यामुळे लवकर सुटत नाही.

नाक्यावर घडतं ते असं. अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचं एन्झाइम इथेनॉलमधून, म्हणजे दारूतल्या अल्कोहोलमधून, हायड्रोजन काढून घेतं आणि त्याचं अ‍ॅसिटाल्डिहाइड बनतं. दुसरं एन्झाइम, अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज, त्या अ‍ॅसिटाल्डिहाइडचं अ‍ॅसिटेट करतं. अ‍ॅसिटेट म्हणजे व्हिनेगरमधल्या आम्लाचं रूप. पुढे त्याचं पाणी आणि कार्बन डायऑक्साइड होतं.

दोन्ही पायऱ्यांवर निघालेला हायड्रोजन वाहून न्यायला एनएडी नावाचा रेणू लागतो. त्याला रिकामी हातगाडी समजा. इथेनॉलच्या एका रेणूला दोन हातगाड्या भराव्या लागतात, आणि भरलेल्या गाड्या पेशीच्या आतल्या मायटोकॉन्ड्रियात रिकाम्या होऊन परत याव्या लागतात. पार्टीच्या रात्री यकृतात सगळीकडे भरलेल्या गाड्या उभ्या असतात, रिकामी सापडत नाही. हँगओव्हरमधली बरीचशी गडबड या एका टंचाईतून सुरू होते.

याच हातगाड्या यकृताच्या इतर कामांनाही लागतात. रात्रभर पोट रिकामं असलं की यकृत आधी साठवलेलं ग्लायकोजेन मोडून साखर देतं, आणि तो साठा संपत आला की लॅक्टेट आणि अमिनो आम्लांपासून नवी साखर बनवतं. हातगाड्या भरलेल्या असल्या की ही नवी साखर बनवणं अडतं. उलट पायरुव्हेटचंच, म्हणजे साखर मोडल्यावर मिळणाऱ्या रेणूचंच, लॅक्टेट होऊ लागतं. रात्री फक्त चखण्यावर भागवलेल्या माणसाला सकाळी गळून जाणं, घाम, थरथर, डोकं हलकं वाटणं हे काही अंशी साखर उतरल्याने असतं. इन्शुलिन घेणाऱ्या किंवा ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्यांवर असलेल्या मधुमेहींसाठी तर हा जिवावरचा प्रसंग आहे. त्यांची साखर पहाटे झोपेत उतरते, आणि बरळणं किंवा न उठणं हे घरच्यांना नशाच वाटते. अशा माणसाची ग्लुकोमीटरवर साखर आधी बघा, नंतर नशेबद्दल बोला.

वाढलेल्या लॅक्टेटचा आणखी एक परिणाम होतो. मूत्रपिंडातून युरिक अ‍ॅसिड बाहेर टाकताना लॅक्टेट आड येतं आणि युरिक अ‍ॅसिड साचतं. गाउट, म्हणजे सांध्यांत युरिक अ‍ॅसिड साचण्याचा आजार असलेल्यांचा पायाचा अंगठा पार्टीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुजतो त्यामागे हे एक कारण आहे.

खरा गुन्हेगार अ‍ॅसिटाल्डिहाइड का?

हँगओव्हर म्हणजे अ‍ॅसिटाल्डिहाइडचं विष, असं बऱ्याच ठिकाणी ठासून लिहिलेलं असतं. हा रेणू विषारी आहेच, प्रथिनांना चिकटून त्यांचं काम बिघडवतो, आणि दारूतून येणारं अ‍ॅसिटाल्डिहाइड कॅन्सरकारकांच्या पहिल्या, म्हणजे पुरावा पक्का असलेल्या, गटात मोडतं. त्याने काय होतं हे पाहायचं असेल तर डायसल्फिराम हे औषध पाहा. रबर पक्कं करण्याच्या कामात वापरल्या जाणाऱ्या या जातीच्या रसायनांशी संपर्क येणाऱ्या कामगारांना दारू सोसत नाही, असं १९३७ मध्ये अमेरिकेत एका कारखान्याच्या डॉक्टरांनी नोंदवलं. पुढे १९४० च्या दशकात डेन्मार्कचे येन्स हाल्ड आणि एरिक याकोबसेन हे डायसल्फिराम जंतांवरचं औषध म्हणून तपासत होते. त्यांनी ते स्वतः घेतलं, वरून दारू घेतली, आणि तोंड लालबुंद होऊन छाती धडधडायला लागली. डायसल्फिराम दुसरं एन्झाइम बंद पाडतं, त्यामुळे अ‍ॅसिटाल्डिहाइड साचतं. आज व्यसनमुक्तीत हेच औषध रुग्णाची संमती घेऊन, डॉक्टरांच्या देखरेखीखाली दिलं जातं. जेवणात गुपचूप मिसळून देणं अतिशय धोक्याचं आहे. रक्तदाब कोसळून मृत्यूही येऊ शकतो. सेफोपेराझोनसारखी काही अँटिबायोटिक्स असाच परिणाम करतात, आणि मेट्रोनिडॅझोल, टिनिडॅझोल घेतानाही दारू टाळायला सांगतात ती याच भीतीने.

चीन, जपान, कोरियातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांत या दुसऱ्या एन्झाइमची जन्मजात ढिली आवृत्ती असते. एका ग्लासातच त्यांचा चेहरा लाल होतो, नाडी वाढते. हे झालं अ‍ॅसिटाल्डिहाइड साचल्यावरचं चित्र: ते पिताना दिसतं, आणि लगेच दिसतं.

हँगओव्हर येतो दहा-बारा तासांनी. तेव्हा निरोगी माणसाच्या रक्तात अ‍ॅसिटाल्डिहाइड नगण्य उरलेलं असतं, आणि मेंदूच्या रक्तवाहिन्यांची भिंत ते सहजी ओलांडतही नाही. म्हणून ते आग लावून पळून गेलेलं आहे असं समजणं जास्त बरोबर. सकाळी आपण भोगतो ती मागे राहिलेली आग.

ही आग म्हणजे दाह. भरपूर दारूने आतड्याचं अस्तर सैल पडतं आणि आतल्या जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे रक्तात झिरपतात. यकृतात सीवायपी २ई१ हे राखीव एन्झाइम जोरात चालू लागतं आणि त्यातून पेशींना भाजणारे ऑक्सिजनचे अस्थिर रेणू निघतात. या दोन्ही गोष्टींना आपली प्रतिकारयंत्रणा जंतुसंसर्ग झाल्यासारखाच प्रतिसाद देते आणि सायटोकाइन हे संदेशवाहक सोडते. हँगओव्हरमध्ये काही सायटोकाइन रक्तात वाढलेले आढळले आहेत. अंग मोडून येणं, भूक मरणं, डोकं न चालणं, कुणाशी बोलू नये असं वाटणं: फ्लूच्या पहिल्या दिवशी अगदी हेच होतं, आणि त्याला हेच रेणू कारण असतात.

मेंदूचा ब्रेक सुटतो

मेंदूत गाबा हे रसायन ब्रेकचं काम करतं, ग्लुटामेट हे दुसरं रसायन अ‍ॅक्सिलरेटरचं. दारू ब्रेक दाबते आणि अ‍ॅक्सिलरेटर सैल करते; त्यातूनच सैलावणं, बडबड, झोप. मेंदू गाडी चालू राहावी म्हणून काही तासांतच उलट जोर लावतो, ब्रेक ढिला करतो आणि अ‍ॅक्सिलरेटर दाबून धरतो. पहाटे दारू ओसरते, पण दाबून धरलेला पाय तसाच राहतो. हात थरथरणं, छाती धडधडणं, घाम, उजेड आणि आवाज न सोसणं, कारण नसताना जिवाला लागलेली धास्ती, हे सगळं त्या सुटलेल्या गाडीचं आहे.

पहाटे साडेतीन-चारला टक्क जाग येते तीही यामुळेच. दारूने झोप पटकन लागते आणि रात्रीच्या पहिल्या भागात स्वप्नांची झोप दबून राहते. उत्तररात्री मेंदू ती भरून काढायला जातो तेव्हाच तो उसळलेलाही असतो, म्हणून झोप तुकड्या-तुकड्याने होते. त्यात दारूने घशाचे स्नायू सैल पडून घोरणं वाढतं. आठ तास अंथरुणात काढूनही माणूस शिणलेला उठतो.

सकाळच्या ‘उताऱ्या’चं गूढही इथे सुटतं. एक नाइंटी घेतली की ब्रेक पुन्हा दाबला जातो, थरथर थांबते. पण मेंदूचा उलटा जोर तसाच राहतो, उलट वाढतो, आणि हिशेब संध्याकाळवर ढकलला जातो. रोज उतारा लागू लागला की तो हँगओव्हर राहत नाही. त्याबद्दल शेवटी लिहिलं आहे.

पाणी, पोट आणि डोकं

मेंदूच्या तळाची पिट्युटरी ग्रंथी व्हासोप्रेसिन सोडते, आणि त्याच्या हुकमाने मूत्रपिंड पाणी राखून ठेवतं. दारू हे व्हासोप्रेसिन दाबते. पाव लिटर पाण्यातून ५० ग्रॅम अल्कोहोल घेतलं तर पुढच्या काही तासांत ६०० ते १००० मिलिलिटर लघवी होते. कोरडी जीभ, तहान, उभं राहताना येणारी भोवंड यातून येते. तरीही पाणी कमी होणं आणि हँगओव्हर या एकाच वेळी येणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. भरपूर पाणी पिऊन झोपलेल्या माणसाची तहान जाते, पण दाह आणि सुटलेला ब्रेक तसाच राहतो. पाणी प्यावंच, फक्त त्याने सगळं बरं होईल ही अपेक्षा ठेवू नये.

पोटाचं दुखणं सरळ आहे. पाणी न घालता घेतलेली कडक दारू जठराचं अस्तर चुरचुरवते, बिअर आणि वाइन आम्ल वाढवतात, आणि वर मिरचीचा चखणा असतो. डोकेदुखीला मात्र एक कारण नाही. रक्तवाहिन्या रुंदावतात, प्रोस्टाग्लँडिन ही दुखणं वाढवणारी रसायनं वाढतात, झोप मोडलेली असते. रोज चहा-कॉफी घेणाऱ्याने ती सकाळी टाळली तर तिच्या अभावाची डोकेदुखी वेगळी. म्हणून सवयीचा एक कप घ्यायला हरकत नाही. तीन कप घेतले तर धडधड वाढते.

रंगीत दारू, पांढरी दारू

इथेनॉलशिवाय दारूत आणखी शेकडो रेणू असतात: मिथेनॉल, आयसोअमाइल अल्कोहोल, इथाइल अ‍ॅसिटेट, फरफ्युरल, लाकडातून उतरलेलं टॅनिन. यांना कंजेनर म्हणतात. चव आणि वास यांचाच. अमेरिकी बर्बनमध्ये व्होडकाच्या तुलनेत सुमारे ३७ पट कंजेनर असतात, आणि इथेनॉल सारखंच देऊन तुलना केली तेव्हा बर्बनवाल्यांनी जास्त त्रास सांगितला. पण त्याच अभ्यासात झोप आणि कामातल्या चुका दोन्ही गटांत सारख्याच बिघडल्या. थोडक्यात, कंजेनर त्रासात भर घालतात, पण मुख्य मार इथेनॉलचाच.

आपल्याकडे याला एक वेगळा पैलू आहे. भारतातल्या बऱ्याच स्वस्त व्हिस्की आणि रम उसाच्या मळीपासून काढलेल्या, ९६ टक्क्यांपर्यंत शुद्ध केलेल्या स्पिरिटवर बनतात. महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यांच्या आसवन्यांतून हे स्पिरिट मोठ्या प्रमाणात निघतं. त्यात कंजेनर फारच कमी उरतात. रंग कॅरॅमलचा, वास मिसळलेल्या माल्टचा किंवा स्वादाचा. म्हणून ‘स्वस्त होती, त्यामुळे डोकं दुखलं’ हे अनेकदा खरं नसतं. स्वस्त होती म्हणून जास्त घेतली गेली, हे जास्त वेळा खरं असतं. गोव्याची फेणी याच्या दुसऱ्या टोकाला आहे. काजूच्या बोंडाचा रस आंबवून भट्टीवर काढलेली, वासाने आणि कंजेनरने भरलेली. फळांतल्या पेक्टिनपासून मिथेनॉल सुटतं, त्यामुळे फळांच्या दारूत ते धान्याच्या दारूपेक्षा जास्त असतं. नीट बनवलेल्या दारूतलं हे प्रमाण विषबाधेच्या पातळीपासून फार दूर असतं.

‘आधी बिअर की आधी व्हिस्की’ हा वाद दरवर्षी रंगतो. २०१९ मध्ये जर्मनीत झालेल्या प्रयोगात ९० जणांना बिअर आणि वाइन वेगवेगळ्या क्रमाने दिली, ठरावीक पातळीपर्यंत चढवली, आणि दुसऱ्या दिवशीचा त्रास मोजला. क्रमाने काही फरक पडला नाही. किती नशा चढली असं स्वतःला वाटलं आणि उलटी झाली का, यावरून मात्र दुसऱ्या दिवसाचा अंदाज आला.

मिथेनॉलबद्दल थांबून बोलायला हवं, कारण त्याची सुरुवात हँगओव्हरसारखीच दिसते. २००४ मध्ये विक्रोळीत आणि जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत मिथेनॉल मिसळलेल्या दारूने माणसं गेली, मालवणीत शंभराहून जास्त. मिथेनॉलवर काम करणारं एन्झाइम तेच, अल्कोहोल डिहायड्रोजिनेज. पण त्याला इथेनॉलची ओढ कितीतरी जास्त. जोवर रक्तात इथेनॉल आहे तोवर मिथेनॉल रांगेत थांबतं. इथेनॉल संपलं की त्याची पाळी येते, त्याचं फॉर्माल्डिहाइड आणि मग फॉर्मिक अ‍ॅसिड होतं. फॉर्मिक अ‍ॅसिड पेशींना ऑक्सिजन वापरू देत नाही, आणि सर्वांत आधी डोळ्याच्या नसा मरतात. शुद्ध मिथेनॉल १० मिलिलिटर पोटात गेलं तरी दृष्टी जाऊ शकते. म्हणून हातभट्टीची किंवा अनोळखी दारू प्यायल्यावर १२ ते २४ तासांनी धुरकट दिसायला लागलं, डोळ्यांपुढे पांढरं आलं, पोटात कळा आल्या, श्वास जोरात आणि खोल चालू झाला, तर घरी लिंबूपाणी देत बसू नका. ताबडतोब मोठ्या रुग्णालयात न्या, आणि सोबत कोण-कोण प्यायलं होतं ते सांगा. फोमेपिझोल किंवा ते नसल्यास डॉक्टरांनी मोजून दिलेलं इथेनॉलच एन्झाइम अडवून धरतं, आणि डायलिसिसने मिथेनॉल बाहेर काढता येतं. तासातासाचा फरक पडतो.

मग करायचं काय?

हँगओव्हर बरा करणारं औषध नाही. लवंगेचा अर्क, कोरियन जिनसेंग, नाशपातीचा रस असे बरेच उपाय तपासले गेले. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आढाव्यात अशा २१ चाचण्या एकत्र पाहिल्या गेल्या, आणि सगळ्यांचा पुरावा अतिशय कमजोर ठरला. दुकानातल्या ‘हँगओव्हरच्या’ गोळ्या-पाकिटांवर पैसे घालवण्याआधी हे लक्षात असू द्या.

जे खरोखर कामाला येतं ते आदल्या रात्रीचं. आपल्याकडची रीत अशी की आठला बैठक बसते, चखणा येतो, आणि जेवण शेवटी, साडेअकराला. दारूचा पाचवा हिस्सा जठरातून आणि बाकी लहान आतड्यातून शोषला जातो. रिकाम्या जठरातून ती भराभर आतड्यात उतरते, आणि शेवटी आलेली बिर्याणी काही अडवत नाही. हा क्रम उलटा करा. बसण्याआधी अर्धा तास पोटभर खा: पोळी-भाजी, डाळ-भात-तूप, अंडी, दही-पराठा. तेल-तूप आणि प्रथिनं जठराचा खालचा दरवाजा उशिरा उघडू देतात, शिखर खाली राहतं. खारे दाणे आणि पापड हे जेवण नव्हे, त्यांनी तहान वाढून घोट मोठे होतात. वीस-तीस टक्क्यांचं मिश्रण सर्वांत झपाट्याने शोषलं जातं, आणि व्हिस्कीत बरोबरीने सोडा घातला की नेमकं तेच तयार होतं. पाणी जास्त घाला. पेग स्वतः मोजा, ओतणाऱ्यावर सोडू नका. दीड तासात ३० मिलिलिटर हा यकृताला पेलणारा वेग आहे.

सकाळी शरीराला पाणी, मीठ आणि साखर हवी असते. ओआरएसचं पाकीट एक लिटर पाण्यात, किंवा घरी एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोटाघोटाने. मळमळत असताना गटागटा प्यायलं की उलटून पडतं. शहाळं, मीठ घातलेलं पातळ ताक, पेज, मऊ भात, केळं हे पोटाला सोसतं. आम्लपित्ताने जळजळ असेल तर लिंबू आणि कॉफी तेवढ्यापुरती बाजूला ठेवा. मग अंधाऱ्या खोलीत झोप. तुटलेली झोप भरून काढल्याइतका फायदा दुसऱ्या कशानेही होत नाही.

गोळीबाबत सावध राहा. पॅरासिटामॉलचा थोडा भाग सीवायपी २ई१ या एन्झाइममधून जातो आणि यकृत जाळणारं रसायन तयार होतं; ते निकामी करायला ग्लुटाथायोन लागतं. रोज पिणाऱ्याच्या यकृतात हे एन्झाइम वाढलेलं आणि ग्लुटाथायोन घटलेलं असतं. क्वचित पिणाऱ्या, निरोगी माणसाने सकाळी काही खाऊन ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घेतली तर चालेल, पण रात्री झोपताना ‘आधीच घेऊन ठेवू’ म्हणून घेऊ नये. रोज पिणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये. आयब्युप्रोफेन आणि अ‍ॅस्पिरिन दाहावर चालतात, पण चुरचुरलेल्या जठरातून रक्तस्राव घडवू शकतात आणि पाणी कमी झालेल्या मूत्रपिंडावर ताण आणतात. अल्सर, रक्त पातळ करणारी औषधं किंवा उलट्या चालू असतील तर ती नकोतच.

हे हँगओव्हर नाही

रात्री कुणी हलवूनही जागं होत नसेल, श्वास मिनिटाला आठाहून कमी पडत असतील, ओठ निळसर आणि अंग गार असेल, तर ते ‘पडू दे, उतरेल’ असं नाही. पोटात शिल्लक असलेली दारू अजून शोषली जात असते आणि नशा वाढतच असते. त्याला कुशीवर वळवा, वरचा गुडघा पुढे दुमडा, तोंड किंचित खाली ठेवा म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही, आणि १०८ ला फोन करा. ओकवायचा प्रयत्न करू नका, कॉफी पाजू नका, एकटं सोडू नका.

रोज भरपूर पिणाऱ्या माणसाने दारू अचानक थांबवली तर त्याचं दुखणं वेगळ्या वेळापत्रकाने चालतं. शेवटच्या घोटानंतर ६ ते १२ तासांत थरथर, घाम, बेचैनी. साधारण ४८ तासांपर्यंत कधीही फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवशी ताप, भास, दिशाभूल, अंगावर किडे चालल्याचा आभास सुरू होऊ शकतो, आणि उपचार न मिळाल्यास त्यात माणूस दगावतो. हँगओव्हर तासागणिक कमी होतो. हे तासागणिक वाढतं. अशा माणसाला घरात कोंडून दारू सोडवायची नसते. डॉक्टर त्याला बेंझोडायझेपिन गटाची औषधं मोजून देतात आणि ती हळूहळू कमी करतात. आणि सलाइनमधून ग्लुकोज चढवण्याआधी थायामिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व, टोचतात. पिणाऱ्याच्या अंगात ते आधीच संपत आलेलं असतं, आणि उरलंसुरलं ग्लुकोज जाळण्यात खर्च झालं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. रुग्णाला घेऊन जाताना तो किती वर्षं, रोज किती पितो आणि शेवटचा घोट कधी घेतला, या तीन गोष्टी कागदावर लिहून न्या. उपचार तिथूनच ठरतात.